पुरावा कशाला म्हणायचं, ते आधी लिहून द्या

प्रति,
संचालक,
यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस,
वॉशिंग्टन डीसी

विषय : हस्तिदंती चोचीच्या सुतार पक्ष्याबद्दलचा रखडलेला निर्णय

महोदय,

सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या खात्याने २३ प्रजाती नामशेष झाल्याचं सांगून त्यांना संकटग्रस्तांच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांत आयव्हरीबिल, म्हणजे हस्तिदंती चोचीचा सुतार, होता. आपल्याच कायद्याप्रमाणे अशा प्रस्तावावर वर्षभरात निर्णय द्यावा लागतो. माहितीबद्दल तज्ज्ञांमध्ये मोठा मतभेद असेल तर आणखी सहा महिने मिळतात. ते सहा महिने आपण जुलै २०२२ मध्ये मागून घेतले. ऑक्टोबर २०२३ मध्ये २१ प्रजातींवर शिक्कामोर्तब झालं आणि हा पक्षी बाजूला ठेवला गेला. आणखी विचार करू, एवढंच आपण सांगितलं. कोणत्या कसोट्यांवर, कोण, कधीपर्यंत, यातलं काहीच सांगितलं नाही. हे पत्र त्या न सांगितलेल्या गोष्टींबद्दल आहे.

आम्ही मराठी पक्षीनिरीक्षक आहोत. काहीजण अमेरिकेत राहतात, बाकीचे महाराष्ट्रात. परक्या देशातल्या पक्ष्याबद्दल आम्ही का बोलतो, याचं उत्तर खानदेशात आहे. तिथला रानपिंगळा, एक छोटं घुबड, १८८४ नंतर कोणाला मिळाला नव्हता. मधल्या काळात एकच नमुना होता, १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून नोंदवलेला, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या नावावर. तो खोटा निघाला. संग्रहालयातला जुना नमुना उचलून, पुन्हा भरून, त्याला नवं लेबल लावलेलं होतं. वॉशिंग्टनच्याच स्मिथसोनियन संस्थेतल्या पामेला रासमुसेन यांनी जुन्या नमुन्यांचा कसून तपास केला, ती नोंद बाद केली आणि खऱ्या नमुन्यांच्या जागांकडे मोर्चा वळवला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह, जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. खोट्या पुराव्याला नीट खोटं ठरवलं, म्हणूनच खरा पक्षी सापडला. आयव्हरीबिलच्या बाबतीत आम्ही मागतो ते एवढंच आहे.

हा पक्षी जिवंत आहे, असा आमचा दावा नाही. तो संपला, असंही आम्ही म्हणत नाही. आमची तक्रार अशी की, १९४४ पासून, म्हणजे शेवटच्या सर्वमान्य नोंदीपासून, आजपर्यंत आलेल्या एकाही फोटोची, फिल्मची किंवा प्रत्यक्षदर्शीच्या नोंदीची तपासणी आधी ठरवून, लिहून जाहीर केलेल्या कसोटीवर झालेली नाही. जे झालं ते माणसांच्या प्रतिष्ठेवर आणि त्या त्या वर्षीच्या वाऱ्यावर झालं.

मराठी वाचकांसाठी आधी पक्षी सांगतो. लांबी सुमारे ५० सेंटिमीटर, पंखांचा पसारा ७५ सेंटिमीटरच्या वर, वजन साधारण अर्धा किलो. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या नद्यांच्या पूरमैदानातलं जुनं जंगल हे त्याचं घर : स्वीटगम, ओक, ॲश आणि पाण्यात उभे सायप्रस. नुकत्याच मेलेल्या झाडाची अजून घट्ट असलेली साल तो चोचीने उचकटतो आणि खालच्या भुंगेऱ्यांच्या मोठ्या अळ्या खातो. अशी झाडं एका जागी फार नसतात, म्हणून त्याला प्रचंड मोठं रान लागतं. जेम्स टॅनर यांनी १९३७ ते १९३९ या काळात लुइझियानातल्या सिंगर ट्रॅक्ट नावाच्या जंगलात आणि इतर राज्यांत जो अभ्यास केला, त्यात चांगल्यात चांगल्या जागी सहा चौरस मैलांना एक जोडी असा हिशेब निघाला. तेवढ्याच क्षेत्रात त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या मोठ्या सुताराच्या, पिलिएटेडच्या, ३६ जोड्या होत्या.

हा आकडा लक्षात ठेवावा. आयव्हरीबिल भरात असतानाही तिथे दिसलेल्या दर ३७ मोठ्या सुतारांपैकी ३६ पिलिएटेड असणार होते. आज पक्षी उरलाच असेल तर हे प्रमाण कैक पटींनी विषम आहे. प्रामाणिक, जाणत्या माणसाचीही चूक होणार, हे गृहीत धरूनच तपासणीची पद्धत आखावी लागते.

फरक कुठे पाहायचा? बसलेल्या पक्ष्याची पाठ पाहावी. आयव्हरीबिलच्या पंखांची मागची कडा पांढरी असल्यामुळे पंख मिटले की पाठीच्या खालच्या भागावर पांढरी ढाल दिसते. पिलिएटेडची पाठ बसल्यावर काळी. उडताना आयव्हरीबिलच्या पंखाची मागची कडा वरूनही पांढरी आणि खालूनही. खालून तर पुढची बाजूही पांढरी आणि मधून काळा पट्टा. पिलिएटेडच्या पंखाखालचं पांढरं पुढच्या अर्ध्या भागात असतं, मागची कडा काळी. हनुवटी आयव्हरीबिलची काळी, पिलिएटेडची पांढरी. आयव्हरीबिलच्या मानेवरून उतरणारे दोन पांढरे पट्टे पाठीवर येतात. तुरा आयव्हरीबिल नराचा मागच्या बाजूने लाल, मादीचा पूर्ण काळा. पिलिएटेडमध्ये नर-मादी दोघांचाही लाल. चोचीचा रंग ही सर्वांत फसवी खूण आहे, कारण उन्हात पिलिएटेडची करडी चोचही पांढरी चमकते. आणि पंखावर मागे पांढरं दिसलं म्हणून तेवढ्यावर निर्णय देता येत नाही. रंगद्रव्य कमी असलेल्या पिलिएटेडच्या पंखांतही पांढरी पिसं येतात, आणि लाल डोक्याच्या सुताराला तर ती असतातच. तो जेमतेम २३ सेंटिमीटरचा, पण फोटोत शेजारी मापाला काही नसेल तर आकार कळत नाही.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या पिलिएटेडमुळे हा सगळा घोळ होतो, तो आपल्या कोकण-गोव्यातल्या पांढऱ्या पोटाच्या काळ्या सुताराच्या वंशातला, ड्रायोकोपस वंशातला. आयव्हरीबिल मात्र त्याचा जवळचा नातेवाईक नाही. आयव्हरीबिलचं नातं जास्त जवळचं आहे ते मोठ्या सोनपाठी सुताराशी. रूप सारखं म्हणून कूळ एक, असं सुतारांमध्ये मुळीच नसतं.

आता फोटोंकडे. एप्रिल १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर ॲलन, पॉल केलॉग, टॅनर आणि जॉर्ज सटन यांनी सिंगर ट्रॅक्टमध्ये या पक्ष्याची फिल्म घेतली आणि आवाज मुद्रित केला. यंत्रं खेचरांच्या गाडीवर लादून दलदलीत न्यावी लागली. मार्च १९३८ मध्ये टॅनरनी घरट्यातल्या पिल्लाच्या पायात कडं घातलं. ते पिल्लू सोबतच्या जे. जे. कुन यांच्या हातावर आणि टोपीवर चढलं, तेव्हाच्या १४ निगेटिव्ह आहेत. त्यांतल्या थोड्याच छापल्या गेल्या. बाकीच्या २००९ मध्ये, सात दशकांनी, टॅनरांच्या घरातल्या पाकिटातून बाहेर आल्या. मेक्सिकोतल्या त्याच्या थोरल्या भावाची, इम्पीरिअल सुताराची, जगातली एकमेव फिल्म अशीच पडून होती. विल्यम राइन या दंतवैद्यांनी १९५६ मध्ये डुरांगोच्या डोंगरात खेचरावर बसून ती हातात कॅमेरा धरून घेतली, ८५ सेकंदांची. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी संशोधकांनी फिल्ममधल्या जागा शोधून तिथे पुन्हा जाऊन पाहणी केली. पक्षी नव्हता, पण जंगल कुठलं आणि त्याचं काय झालं हे कळलं.

आमची पहिली तक्रार इथेच आहे. अशी पाकिटं, डबे आणि कॅसेट आणखी कुठे असतील, याचा शोध घेणं आपल्या खात्याने आपलं काम मानलेलं नाही. जुनी निगेटिव्ह दमट हवेत बुरशी धरते, ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरचा वास येऊ लागला की ती आकसायला लागलेली असते, आणि घरगुती व्हिडिओ कॅसेटवरचं चुंबकीय चित्र काही दशकांत विरत जातं. हा पुरावा दर उन्हाळ्यात थोडा थोडा नष्ट होतो आहे.

दुसरी तक्रार तपासण्याच्या रीतीची. १९७१ मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे जॉर्ज लाउरी यांनी पक्षीशास्त्रज्ञांच्या सभेत दोन रंगीत फोटो दाखवले. अचाफालाया खोऱ्यात काढलेले, झाडाला चिकटलेला आयव्हरीबिल, झाडं दोन वेगळी. फोटो काढणाऱ्याने नाव आणि जागा गुप्त ठेवायला सांगितलं होतं. दोन्ही फोटोंत पक्ष्याची ठेवण सारखीच दिसते, म्हणून भुसा भरलेला पक्षी खोडाला बांधला असा संशय उभा राहिला आणि प्रकरण तिथेच थांबलं. लाउरी यांच्यासारख्या माणसाच्या शब्दावरही तो डाग राहिला. पण संशय हा तपास नव्हे. असा फोटो तपासण्याचे मार्ग होते आणि आहेत.

मूळ निगेटिव्ह किंवा स्लाइड मागावी, प्रिंट नको. तिच्या आधीची आणि नंतरची चित्रं त्याच पट्टीवर पाहावीत. जिवंत पक्षी दोन चित्रांच्या मध्ये मान तरी हलवतो. सुतार पक्षी खोडावर शेपटीच्या ताठ पिसांचा टेकू देऊन बसतो. टेकू साधला आहे का, पायाची बोटं खोडाला कशी धरून आहेत, हे भरलेल्या पक्ष्यात हमखास चुकतं. झाड ओळखता आलं तर त्या झाडाशी परत जावं, खोडाचा घेर मोजावा, त्याच अंतरावरून, त्याच लांबीच्या भिंगाने पट्टी लावून फोटो घ्यावा आणि पक्ष्याची लांबी काढावी. संग्रहालयांत या पक्ष्याचे चारशेहून जास्त नमुने आहेत. फोटोतला पक्षी त्यांपैकीच एखादा असेल तर पांढऱ्या ढालीच्या कडा आणि पिसांची झीज जुळवून तेही शोधता येईल. कृष्णधवल फोटोत आणखी एक खबरदारी हवी. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे लाल तुरा काळा उमटतो आणि नर मादी वाटू शकतो. फिल्म कोणती होती हे ठरल्याशिवाय तुऱ्यावरून काहीही बोलू नये.

व्हिडिओची गोष्ट वेगळी. २५ एप्रिल २००४ रोजी आर्कान्सामधल्या बायू डीव्ह्यू भागात डेव्हिड लुनो यांच्या होडीवर बसवलेल्या कॅमेऱ्यात झाडामागून उडालेला पक्षी सुमारे चार सेकंद आला. फोकस जवळच्या वस्तूंवर होता, पक्षी दूर आणि पुसट. त्या काळचा कॅमेरा सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रं घेई, आणि दोन अर्धचित्रं जोडून एक पूर्ण चित्र बने. वेगाने हलणारा पंख त्या दोन अर्ध्यांत दोन ठिकाणी असतो, त्यामुळे कडेला पांढऱ्याची जी झालर दिसते ती कधी पिसांची असते, कधी जोडणीची. म्हणून पूर्ण चित्रं न पाहता अर्धचित्रं सुटी करून पाहावी लागतात. एप्रिल २००५ मध्ये सायन्स नियतकालिकात जॉन फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी तो आयव्हरीबिल असल्याचं मांडलं. २००६ मध्ये डेव्हिड सिबली आणि इतरांनी त्याच चित्रांत पिलिएटेडच्या पंखाची खालची बाजू दिसते असं दाखवलं. पंखांच्या फडफडीचा वेग सेकंदाला साडेआठच्या आसपास भरतो आणि पिलिएटेड एवढ्या वेगाने उडत नाही, हा मोठा मुद्दा होता. २००७ मध्ये मार्टिन कॉलिन्सन यांनी घाबरून उडालेल्या पिलिएटेडच्या फिल्म मोजून तोही डळमळीत केला.

या वादात कोण बरोबर, ते आम्ही इथे ठरवत नाही. आम्हाला बोचते ती गोष्ट अशी. २००५ मध्ये सरकारच्या मंत्र्यांनी पत्रकार परिषदेत पक्षी सापडल्याचं जाहीर केलं. २००६ मध्ये आर्कान्सातला ग्रँड प्रेअरीचा पाणी उपसा प्रकल्प न्यायालयाने याच पक्ष्यासाठी थांबवला. २०१० मध्ये आपण त्याच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा काढला. आणि २०२१ मध्ये सर्वमान्य अशी शेवटची नोंद एप्रिल १९४४ ची आहे, म्हणून तो नामशेष मानावा, असं आपलंच खातं म्हणालं. मधल्या वर्षांत ती चार सेकंदं बदलली नाहीत. कसोटी नव्हती, म्हणून मत बदललं तेव्हा नक्की काय बदललं हे कोणालाच सांगता येत नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात. आयव्हरीबिलची हाक खेळण्यातल्या पत्र्याच्या पिपाणीसारखी, आणि खोडावर तो दोन ठोके देतो, अगदी लागोपाठ, दुसरा किंचित हलका. पिलिएटेड लांब सलग ढोल वाजवतो. १९९९ मध्ये लुइझियानातल्या पर्ल नदीच्या रानात वनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने जोडी पाहिल्याचं सांगितलं. २००२ च्या मोहिमेत तिथे दोन ठोके ऐकू आले, मुद्रितही झाले, आणि संगणकावर तपासल्यावर ते दूरच्या बंदुकीचे बार निघाले. निळा जे पक्षी पिपाणीसारखी नक्कल करतो. फांद्या आपटतात, बदकांचे पंखही एकमेकांवर आपटतात. एकट्या आवाजावर निर्णय नको, हे आम्हालाही मान्य. पण बंदुकीचे बार ओळखता आले ते मूळ मुद्रण हाताशी होतं म्हणून, हेही विसरू नये.

तिसरी तक्रार न दिसण्याच्या नोंदींची आहे आणि आमच्या मते ती सर्वांत गंभीर आहे. पक्षी संपला हे ठरवायला दिसल्याच्या नोंदींइतक्याच, किंबहुना जास्त, न दिसल्याच्या नोंदी लागतात : कोणत्या चौकोनात, किती तास, कोणत्या महिन्यात, झाडावर पानं असताना की नसताना, किती कॅमेरे, त्यांतले किती पुरात बुडाले. २००५ नंतर कॉर्नेलच्या पथकांनी अनेक राज्यांत शोध घेतला, राज्यांच्या वनखात्यांनी घेतला, हौशी लोक तर दरवर्षी जातात. हे सगळं एका तक्त्यात, एकाच मापाने, कुठेच नाही. त्यामुळे ‘इतकी वर्षं कोणाला दिसला नाही’ या वाक्याला वजन किती द्यायचं तेच कळत नाही. संशयवाद्यांचा मुद्दा रास्त आहे : हातोहाती कॅमेरे असलेल्या देशात ८० वर्षांत एकही निर्विवाद फोटो नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण माणसं कॅमेरे घेऊन फिरतात ती रस्त्याच्या कडेने आणि कोरड्या वाटांनी. जानेवारीत कंबरभर पाण्यातल्या रानात किती तास कोणी घालवले, त्याचा हिशेब मांडल्याशिवाय तो मुद्दाही अपुराच राहतो.

मे २०२३ मध्ये नॅशनल एव्हिअरी या पक्षीसंग्रहालयाचे स्टीव्हन लाट्टा आणि सहकाऱ्यांनी लुइझियानातल्या दहा वर्षांच्या कामाचा निबंध इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनमध्ये छापला. त्यात खोडांवर रोखलेले कॅमेरे आहेत, ड्रोनवरून घेतलेली दृश्यं आहेत, ध्वनिमुद्रणं आहेत. चित्रं दूरची आणि भरड आहेत, आणि आक्षेप लगेच आले. ते काम मान्य करा, असं आमचं म्हणणं नाही. पण ज्या वर्षी हा सर्वांत मोठा दावा आला, त्या वर्षी आपण ‘आणखी विचार करू’ म्हणालात आणि त्या दाव्याची कसोटी कशी लावणार ते मात्र सांगितलं नाही. दावा करणाऱ्यालाही हे अन्यायाचं आहे आणि आक्षेप घेणाऱ्यालाही.

म्हणून आमच्या मागण्या.

एक. पुराव्याच्या पायऱ्या लिहून जाहीर करा. सर्वांत वरच्या पायरीला फोटोत किंवा फिल्ममध्ये किमान किती खुणा एकाच वेळी दिसल्या पाहिजेत ते सांगा. आमची सूचना : पाठीवरची ढाल किंवा उडताना दोन्ही पंखांची मागची पांढरी कडा, शिवाय हनुवटी, चोच, पाठीवरचे पट्टे यांपैकी दोन, आणि जागेवर परत जाऊन काढलेलं माप. ढाल दोन्ही बाजूंना सारखी हवी, म्हणजे पांढरी पिसं आलेला पिलिएटेड बाद होईल. पक्ष्याची ओळख पटवायची असेल तर पक्षी चित्रात किती बिंदूंचा (पिक्सेलचा) हवा, याचीही खालची मर्यादा ठरवा. त्याखालच्या पायऱ्यांना ‘पुढे शोध घेण्याजोगं’ एवढाच अर्थ असावा आणि तेवढाच द्यावा.

दोन. तपासणी झाकून करा. नव्या-जुन्या दाव्यांची चित्रं, त्याच अंतरावरून, त्याच प्रतीच्या कॅमेऱ्याने मुद्दाम घेतलेल्या पिलिएटेडच्या चित्रांमध्ये मिसळा आणि परीक्षकांना कोणतं कुठलं ते सांगू नका. ज्या परीक्षकाला खात्रीचे पिलिएटेड आयव्हरीबिल वाटतात, त्याच्या मताला किती किंमत द्यायची ते आपोआप कळेल. उलटही कळेल : १९३५ च्या फिल्ममधले खरे आयव्हरीबिल तितकेच पुसट करून दाखवले तर किती जण ओळखतात? ही एकच चाचणी गेल्या वीस वर्षांच्या भांडणातला निम्मा भाग निकालात काढील, असं आम्हाला वाटतं, आणि तिला फारसा खर्चही नाही.

तीन. मूळ पुराव्यांचं एक भांडार करा. निगेटिव्ह, स्लाइड, कॅसेट, मेमरी कार्डावरची न छाटलेली फाइल, सगळं मूळ रूपात. दिवस-वेळ, कॅमेरा, भिंग, कोण हजर होतं, हे सोबत. ज्यांच्या घरी असे फोटो पडून आहेत त्यांना जाहीर आवाहन करा आणि नावं गुप्त राहतील याची हमी द्या. जागा गुप्त राहायलाच हवी. १९२४ मध्ये फ्लोरिडात ॲलन यांनी शोधलेली जोडी काही दिवसांतच नमुन्यांसाठी मारली गेली, हे आपण विसरणार नाही. पण जागा गुप्त ठेवली म्हणून तपासणीही गुप्त ठेवायचं कारण नाही. कोणी, काय पाहिलं, कोणता निष्कर्ष का काढला, हे उघड असावं.

चार. शोधाची आखणी करा आणि तो कधी थांबवायचा तेही आधीच सांगा. डिसेंबर ते मार्च, पानं गळलेली असताना. रानाचे चौकोन पाडून प्रत्येकात ठरावीक ध्वनिमुद्रक आणि कॅमेरे. कॅमेरे हालचालीच्या सेन्सरवर सोडू नयेत. उष्णता ओळखणारा सेन्सर दहा-पंधरा मीटरवरच्या पक्ष्याला बहुतेक वेळा दाद देत नाही, म्हणून काही सेकंदांच्या अंतराने आपोआप फोटो घेणारी मांडणी हवी आणि कॅमेरे नुकत्याच मेलेल्या, साल उचकटलेल्या झाडांवर रोखलेले हवेत. घड्याळं जुळवलेली, बॅटरी आणि कार्ड दर काही आठवड्यांनी बदललेली, आणि मांडणीची उंची पुराच्या खुणेच्या वर. सालीच्या खुणांना मात्र जपून वापरा. पिलिएटेड सैल साल काढतो, खारीही साल सोलतात. अमुक इतक्या चौकोन-तासांनंतर पक्षी नाही मिळाला तर तो नाही असं धरू, हा आकडा शोध सुरू होण्याआधी छापा. नंतर ठरवलेल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पाच. आपल्याच अभयारण्यांत ड्रोन उडवायला खास परवाना लागतो. पात्र संशोधकांना तो वेळेत, लेखी अटींवर द्या. ढोलींच्या तोंडाची खरवड, झाडाखालची पिसं आणि विष्ठा यांतून डीएनए तपासण्याची सोय करा. नमुना घेणाऱ्याने आदल्या दिवशी संग्रहालयातल्या कातड्यांना हात लावलेला नसावा, प्रत्येक खेपेला कोरे नमुनेही सोबत पाठवावेत, आणि निकाल दोन वेगळ्या प्रयोगशाळांतून यावा. ढोलीत बदकं आणि उडत्या खारी राहून गेलेल्या असतात, उष्ण दमट हवेत डीएनए लवकर तुटतो, त्यामुळे काहीच न मिळणं म्हणजे पक्षी नसणं, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही हेही लिहून ठेवा. पण मिळालं, तर भांडणाला जागा उरणार नाही.

सहा. रान वाचवण्याचा निर्णय या पक्ष्याच्या असण्या-नसण्याला बांधू नका. सिंगर ट्रॅक्ट सुमारे ८१ हजार एकरांचं होतं. शिवणयंत्रांच्या कंपनीची ती जमीन, तिथल्या लाकडाचे हक्क १९३७ मध्ये शिकागो मिल अँड लंबर कंपनीला गेले. चार राज्यांच्या गव्हर्नरांनी विनंती केली, लुइझियानाने दोन लाख डॉलर देऊ केले, तरी तोड थांबली नाही. युद्धकाळात जर्मन कैद्यांना कामाला लावून ती पुरी झाली. एप्रिल १९४४ मध्ये चित्रकार डॉन एकलबेरी यांनी तिथे एकटी मादी पाहिली आणि तिची रेखाटनं केली. त्या जागेवर आपलं टेन्सस रिव्हर अभयारण्य झालं ते १९८० मध्ये. त्या मादीसाठी ते ३६ वर्षं उशिरा झालं. मिसिसिपी खोऱ्यातलं असं पूरमैदानी जंगल आता मूळच्या पाव हिश्श्याहूनही कमी उरलं आहे. त्यात जुनी, वठत चाललेली मोठी झाडं उभी राहू द्या. ‘सुधारणा तोडीत’ तीच आधी जातात. ती ठेवली तर फायदा पिलिएटेडला आहे, ढोलीत राहणाऱ्या प्रत्येक जिवाला आहे, आणि आयव्हरीबिल असेल तर त्यालाही.

सात. तारीख द्या. वरची कामं पुरी करून अंतिम निर्णय कोणत्या दिवशी देणार, तो दिवस आपल्या राजपत्रात छापा. तोपर्यंत पक्षी यादीत राहू द्या. यादीतून काढलं की केंद्रीय प्रकल्पांना त्याच्यासाठी सल्लामसलत करण्याचं बंधन उरत नाही, आणि मग चूक सुधारायला रान शिल्लक असेलच असं नाही.

क्यूबातल्या भावंडाबद्दल एक ओळ. तिथे १९८६ आणि १९८७ मध्ये पक्षी पाहिला गेला, म्हणजे अमेरिकेतल्या शेवटच्या मान्य नोंदीनंतर चार दशकांनी. कसोट्या लिहाल तेव्हा क्यूबन संशोधकांना सोबत घ्या. जिवंत आयव्हरीबिल पाहिलेली माणसं मिळण्याची शक्यता आता तिकडेच जास्त आहे.

या पत्रातली प्रत्येक मागणी आम्ही आमच्यालाही लावून घेऊ. रानपिंगळा असो, तणमोर असो, आमच्यापैकी कोणी दुर्मीळ पक्ष्याचा दावा केला तर मूळ फाइल, जागेचं माप आणि न दिसलेल्या तासांची नोंद सोबत असेल. आपल्या उत्तराची आम्ही वाट पाहतो, आणि उत्तर आलं की त्याचं मराठी भाषांतर करून इथल्या वाचकांपर्यंत पोचवू.

आपले,
महाराष्ट्रातले आणि अमेरिकेतले काही मराठी पक्षीनिरीक्षक